मास्तरांचे मांजर

ज्याच्या घरी मांजर आहे, त्याने नात्सुमे सोसेकी यांची ‘मी एक मांजर’ ही जपानी कादंबरी वाचू नये. मी वाचली. तेव्हापासून आमचे मांजर डोळे मिटून पडले, की ते झोपलेले नसून माझ्यावर प्रकरण रचते आहे, असा संशय येतो. मजकूर पुरवण्यात मी तरी कुठे कमी पडतो!

कादंबरीतल्या मांजराला नावसुद्धा नाही. मालक कुशामी हे इंग्रजीचे मास्तर. शाळेतून आले की अभ्यासिकेत शिरतात. केवढा व्यासंग, असे घरच्यांना वाटते. मांजर डोकावते तर महाराज पुस्तकावर लाळ गाळत घोरताहेत. एकदा ते नाकातले केस उपटून कागदावर हारीने लावतात आणि त्यातला पांढरा केस बायकोला कौतुकाने दाखवतात. भेटीला येणारेही तोलामोलाचे. मेइतेई हॉटेलात जाऊन अस्तित्वातच नसलेला पदार्थ मागवतो. कांगेत्सु फाशीच्या यंत्रशास्त्रावरील व्याख्यानाची तालीम करतो, आणि डॉक्टरेटपायी काचेचे गोळे घासत बसतो.

हे मास्तर सोसेकींना लांब शोधायला जावे लागले नाही. तेही इंग्रजीच शिकवत. लंडनमध्ये दोन वर्षे कुढून परतलेले, पोटाने गांजलेले, चेहऱ्यावर देवीचे व्रण. ते सगळे त्यांनी कुशामींना बहाल केले. पाश्चात्त्य विद्येने फुगलेल्या मेइजी काळातल्या विद्वानांना टाचणी लावायची होती. पहिली टोचून घेतली स्वतःला. जानेवारी १९०५मध्ये ‘होतोतोगिसु’ मासिकात एकच प्रकरण छापायचे होते. वाचकांनी मांजराला सोडलेच नाही. १९०६पर्यंत अकरा प्रकरणे झाली.

पण मला खरा धोका वेगळाच दिसतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या! मास्तरांच्या सहवासात मांजराचाही प्राध्यापक होतो. नववर्षाचा मोची म्हणजे तांदळाचा चिकट गोळा दातांत चिकटून मागच्या पायांवर नाचायची पाळी येते, तरी त्या अवस्थेतही ते जीवनाची सत्ये शोधून काढते. उंदरांवर स्वारी करायची तर आधी रणनीती, मग चिंतन. उंदीर मात्र सुखरूप. शेवटी पाहुण्यांची उरलेली बिअर चाटून झिंगते आणि पाण्याच्या रांजणात पडून मरते. मरतानाही तत्त्वज्ञान आहेच.

सोसेकींच्या घरचे खरे मांजरही बिननावाचेच होते. १९०८मध्ये ते वारले, तेव्हा त्यांनी मित्रांना रीतसर मृत्यूची पत्रे धाडली. वर कळवले, की मालक ‘सान्शिरो’ कादंबरी लिहिण्यात गुंतले आहेत, तेव्हा अंत्ययात्रेला येण्याची तसदी घेऊ नये. ज्या मांजराने नाव मिळवून दिले, त्याच्यासाठी लेखनातून घटकाभर सवड नाही! मांजर हयात असते, तर यावर बारावे प्रकरण सहज निघाले असते.