दाजींचा ब्रेक

ब्रेकचं पेडल दोन-तीन तऱ्हांनी बिघडतं, आमचे दाजी एकाच तऱ्हेने. त्यांच्या गाडीतली खोट कुणी दाखवली की ते आधी एसी बंद करतात, मग बोलणं. शिवाय जावयाची खोट काढणं आमच्या घरात बसत नाही. म्हणून घाटात त्यांचा पाय ब्रेकवर दोन-दोनदा पडताना दिसला, तेव्हा मी अदबीनेच विचारलं, "दाजी, ब्रेक दोनदा मारायची पद्धत आहे का?"

"उतारावर तसाच मारतात."

"आणि पहिल्यांदा मारलेला?"

"तू बाहेर बघ. सातपुडा बघ."

मी सातपुडा बघितला. एसी बंद झाला होता. मागे मोलगीला घेतलेलं आमचूर होतं, त्याच्या आंबट वासात आता तापलेल्या लायनरचा वास मिसळला. मग दाजींनी दुसरा गियर टाकला. चढाला जो गियर, तोच उताराला, हे जुन्या ड्रायव्हरांचं म्हणणं त्यांनी त्या दिवशी अगदी निष्ठेने पाळलं.

मणिबेलीला आम्ही निघालो होतो ते दाजींच्या हौसेपायी. लोकसभेचा नंदुरबार मतदारसंघ राज्यात एक नंबरचा, विधानसभेचा अक्कलकुवा एक नंबरचा आणि त्यातलं एक नंबरचं मतदान केंद्र मणिबेली. "महाराष्ट्र सुरू होतो ते ठिकाण बघून येऊ," असं ते म्हणाले होते. रस्ता मात्र महाराष्ट्र संपल्यासारखा वागत होता. निवडणुकीत मतदान पथक इथे नर्मदेतून बार्जने नेतात. बार्जला पेडल नसतं, त्यामुळे ते मऊ पडायचा प्रश्न येत नाही.

गावाजवळ पोहोचून गाडी थांबली. थांबवली म्हणवत नाही, कारण हँडब्रेक आणि एक धोंडा यांचाही त्यात वाटा होता. पाचेक मिनिटांत आजूबाजूला माणसं जमली. गाडी बंद पडली की महाराष्ट्रात कुठेही डॉक्टर लगेच मिळतात. एक म्हणाला, एअर धरली. दुसरा म्हणाला, मागचे लायनर संपले. तिसऱ्याने तेल संपलं असं सांगितलं, पण बॉनेट उघडलं तर बाटलीतलं तेल खुणेच्या वर होतं. चाकांच्या आतल्या बाजूही कोरड्या ठाक, कुठे ओल नाही.

मग एका म्हाताऱ्या बाबांनी दाजींना सीटवर बसवलं. इंजिन बंद ठेवून चार-पाचदा पेडल मारायला लावलं. पेडल जरा वर येऊन घट्ट झालं. एअर असली तरी असंच होतं, लायनर ढिले असले तरी असंच होतं, त्यामुळे पहिले दोघे डॉक्टर खूश झाले. बाबा म्हणाले, "आता दाबून धर. हलवू नको."

दाजींनी धरलं. पाय आपला खाली खाली.

"एकदम जातंय का हळूहळू?"

"हळूहळू, बाबा."

"तेल?"

"तेवढंच आहे."

"मग बाहेर नाही जात. आतल्या आत वाट दिलीय कुणीतरी."

मास्टर सिलेंडरचं निदान याहून नेमकं मी ऐकलेलं नाही. त्यातला रबरी कप झिजला की दाब चाकाकडे जायच्या ऐवजी तेल त्याच्या कडेने मागे सटकतं. थेंबही बाहेर सांडत नाही आणि पेडल मात्र तळाला टेकतं. बाबा हे कुठल्या गॅरेजात शिकले, असं दाजींनी विचारलं. त्यांनी नुसती हनुवटीने समोरची नर्मदा दाखवली. सरदार सरोवराचं पाणी याच गावाच्या शेतांत चढलं, शूलपाणेश्वराचं देऊळ त्यात गेलं, २०१९ साली धरण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. हळूहळू की एकदम, हा प्रश्न या माणसांनी आमच्या आधी पुष्कळदा सोडवलाय. १९९४ साली तर ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मणिबेलीच्याच नावाने जाहीरनामा काढला आणि मोठ्या धरणांना पैसे देणं थांबवा, असं जागतिक बँकेला सांगितलं. एवढ्या मोठ्या गाडीला ब्रेक मारायला निघालेल्या गावात आमची एक गाडी म्हणजे किस झाडकी पत्ती.

"समोर एवढं पाणी आहे, त्यातलं थोडं घालून बघू?" दाजी म्हणाले. हा विनोद होता असं त्यांनी नंतर सांगितलं. पाणी शंभर अंशाला उकळतं. साधं डॉट-३ ब्रेक ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत दम धरतं. उतारावर ड्रम तापले की पाण्याची वाफ होते, वाफ दबते आणि पेडल पायाखालून निघून जातं. ब्रेक ऑइल हवेतली ओल स्वतःच पिऊन घेतं, त्याला आणखी पाजायची गरज नाही. इंजिन ऑइल घातलं तर रबरंच फुगून बसतात.

एका टेकाडावर रेंज मिळाली. रात्री भाकरी आणि उडदाची डाळ मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोलगीकडून एक पोरगेला मेकॅनिक मोटरसायकलवर आला, पोत्यात नवा सिलेंडर घेऊन. नुसतं किट टाकून भागेल का, असं दाजींनी विचारलं. त्याने जुना सिलेंडर उलगडला आणि आतून बोट फिरवायला सांगितलं. बोटाला ओरखडा लागला. "यात नवं रबर टाकलं तर परत मीच येणार," तो म्हणाला, "आणि पेट्रोल तुमचं." दाजी गप्प.

मग एअर काढायचं काम. मला सीटवर बसवलं, कारण दाजी पेडल मोजून मारत नाहीत असं त्याचं मत पडलं. सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. तो निपलला पारदर्शक नळी लावून आडवा झाला. "मारा, मारा, मारा... धरा!" निपल ढिली झाली, फुस्स झालं, नळीतून बुडबुडे धावले, पाय खाली गेला. "सोडू नका! मी सांगेपर्यंत सोडू नका!" निपल कसायच्या आत पाय उचलला की बाहेरची हवा परत आत, आणि सगळं पहिल्यापासून. चारही चाकं झाली तोवर माझी पोटरी भरून आली होती. पेडल मात्र दगडासारखं कडक. बाबांनी स्वतः बसून दाबून धरलं, बराच वेळ धरलं, आणि मान हलवली.

ताईचा फोन दाजींनी टेकाडावर जाऊन घेतला. वारा माझ्याच बाजूने होता, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"अगं, काही विशेष नाही. तुझा भाऊ सकाळपासून ब्रेकवर पाय देऊन बसलाय. खराब नाही होणार तर काय?"