नम्रतेत पहिला नंबर

नम्रतेच्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही, असं माझं फार जुनं मत आहे. आम्ही नगरचे ख्रिस्ती. रेव्हरंड टिळकांची भजनं ऐकत पाळण्यात झोपलेले. नोकरीपायी चेन्नईच्या पेरुंगुडीत येऊन पडलो आणि ओएमआर रस्त्यामागच्या गल्लीतल्या चर्चमध्ये उपासनेला गेलो, तो तमिळ मंडळीला विनय म्हणजे काय ते दाखवायच्या तयारीनेच.

चपला बाहेर काढायची पद्धत. काढल्या. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण मी मागे, पंख्याचा वारा पोचत नाही अशा कोपऱ्यात चटईवर बसलो. सगळ्यांना दिसेल अशा बेताने. शेजारी पांढऱ्या वेष्टीतले एक काका होते. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारपूस झाली. घर मिळत नाही, मालक दहा महिन्यांचा अडव्हान्स मागतात, हे रडगाणं गाऊन झालं. मग सहज, अगदी सहज, मी सांगून टाकलं की आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशन 1813 सालीच आलं.

"गुड, गुड," काका म्हणाले. "आमच्या तरंगंबाडीला मिशनरी त्सीगनबाल्ग 1706 साली उतरले." जरा थांबून, "संत थोमा त्याच्या कितीतरी आधी. मैलापूरलाच पुरलंय त्यांना, असं मानतात."

मी विनयाने विषय बदलला.

प्रवचन तमिळमध्ये. 'परिसेयन' एवढा शब्द पकडला आणि कळलं, लूकचा अठरावा अध्याय, परूशी आणि जकातदार. एक देवळात उभा राहून स्वतःची थोरवी गातो, दुसरा मान खाली घालून छाती बडवून घेतो. माझा आवडता दाखला. त्यातला परूशी मला लगेच ओळखता येतो. बहुधा तो शेजारीच बसलेला असतो.

प्रार्थनेला सगळे एकदम मोठ्याने सुरू झाले. काकांचा आवाज सगळ्यांच्या वर. दोन्ही हात उंच, मनगटावर सोनेरी घड्याळ. मी मान खाली, हात छातीवर, ओठसुद्धा हलू न देता उभा, एक डोळा मात्र किलकिला. देवाला कमी ऐकू येतं अशी यांची समजूत दिसते, असं मनात येतंय तोच त्या तमिळ धबधब्यातून ओळखीचे शब्द कानावर आले. 'महाराष्ट्रा तंबी.' मग 'वीडु' म्हणजे घर, 'वाडगै' म्हणजे भाडं, आणि 'अडव्हान्स'. एवढं तमिळ पेरुंगुडीतल्या कुठल्याही भाडेकरूला येतं. 'पत्तु' वरून काका 'अंजु' वर आले. माझ्या अडव्हान्सची घासाघीस थेट वर चालली होती. दहाचे पाच करून मागत होते. आणि इतक्या वेळच्या माझ्या भारदस्त मौनात मी घराचं नावही काढलं नव्हतं.

उपासना सुटल्यावर काकांनी मला स्कूटरवर बसवून एका घरमालकाच्या दारात नेलं.

"पत्तु," मालक म्हणाला.

काकांनी तिथेच डोळे मिटले आणि हात वर केले. मालक त्यांना चांगला ओळखून असावा. प्रार्थना रंगात यायच्या आत तो सहावर आला, आणि मी छातीवरचा हात काढून घाईघाईने खिशात घातला.