प्रकृती उत्तम, सेक्टर गायब

घरच्या सर्व्हरमधली हार्ड डिस्क शेवटचे आचके देत असली, तरी ‘स्मार्ट’ हा डिस्कचा स्वयंतपासणी अहवाल तिच्या प्रकृतीपुढे बिनदिक्कत ‘पास’ लिहू शकतो. खरी कुंडली त्याखालच्या तक्त्यात असते: ५ क्रमांकाला बदललेले सेक्टर, १९७ ला धड वाचता न आलेले, निकालाच्या प्रतीक्षेतले. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल, तर दोष बहुधा साटा केबलचा. पण वायरीच्या गुन्ह्यासाठी डिस्कला फासावर चढवणारे महाभाग आहेतच. काही जण तर तिला फ्रीजरमध्ये ठेवतात, मटारांशेजारी! आणि ‘बॅकअप कशाला, आपल्याकडे दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारा रेड-१ आहे’ म्हणणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. चुकून पुसलेली फाइल रेड-१ दोन्ही डिस्कवरून सारख्याच तत्परतेने पुसतो. दुरुस्तीची हौस नंतर भागवा. आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने निघेल तेवढं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.