रडायला सवड कुणाला आहे?

सुतक कधी लागेल ते कुणाच्या हातात नसतं. गणपती कधी बसणार ते मात्र कालनिर्णयात आधीच छापून आलेलं असतं. या दोहोंच्या कात्रीत सापडलेल्या कामेरकर कुटुंबाची गोष्ट म्हणजे राजेश मापुसकरांचा २०१६ सालचा ‘व्हेंटिलेटर’. घरातले सगळ्यांत ज्येष्ठ गजूकाका अतिदक्षता विभागात यंत्राच्या श्वासावर आहेत आणि गणपती तोंडावर आलेत. काका गेले तर सुतक. सुतक आलं तर गणपती नाही. कोकणातल्या माणसाची गणपतीची रजा नामंजूर करण्याचं धाडस ज्या साहेबाने एकदा तरी केलं असेल, त्याला या पेचाचं गांभीर्य वेगळं सांगायला नको.

मग इस्पितळाच्या व्हरांड्यात माणसं जमू लागतात. या चित्रपटात शंभराहून अधिक कलाकार आहेत. परदेशी दिग्दर्शकाला एवढी माणसं युद्धपटाला लागतात. आपल्याकडे एक काका आजारी पडले की पुरे.

अशा व्हरांड्यात कामांची वाटणी कुणी करत नाही, ती होते. एक जण डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायला नेमलेला असतो. डॉक्टर मराठीच असतात, पण त्याला इलाज नसतो. एक जण थर्मास सांभाळतो. एक जण खाली गाडी लावायला जातो तो संध्याकाळीच उगवतो. एक आत्या फोनवर असते: “तसं घाबरण्यासारखं काही नाही, पण एकदा येऊन जा.” हे वाक्य ऐकून न घाबरलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि कोपऱ्यात, आवाज खाली ठेवून, सातबाऱ्यावर कुणाचं नाव कसं लागलं याची उजळणी चाललेली असते. बाहेरच्या माणसाला वाटेल, यांना दुःख झालंय की नाही?

झालेलं असतं. ते दिसत नाही, कारण सगळे कामात असतात.

मरणाशी मराठी माणसाची ही घरगुती ओळख जुनीच आहे. सतीश आळेकरांनी १९७४ साली ‘महानिर्वाण’मध्ये मेलेल्या भाऊरावांनाच कीर्तनाला उभं केलं. भाऊरावांचा हट्ट असा की जाळायचं तर जुन्याच स्मशानात. नवं त्यांना चालणार नव्हतं. घरात प्रेत, चाळीत लोकांची लगबग आणि प्रेक्षागृहात हशा, हे तिन्ही एकदम होऊ शकतं हे त्या नाटकाने दाखवलं. पुढे आळेकर ‘व्हेंटिलेटर’मध्ये कामेरकरांच्या वडीलधाऱ्यांपैकी एक म्हणून वावरले, तेव्हा घरातल्या अनुभवी माणसाला बोलावून घ्यावं तसं वाटलं.

गंमत म्हणजे त्या वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठी सिनेमाने बाजी मारली ती याच प्रांतात. जगणं नकोसं झालेल्या तरुणाची गोष्ट सांगणाऱ्या ‘कासव’ला सुवर्णकमळ, ‘व्हेंटिलेटर’साठी मापुसकरांना दिग्दर्शनाचा पुरस्कार आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ‘दशक्रिया’. नैराश्य, अतिदक्षता विभाग आणि दहावा. हसरी जमात म्हणून आपली ख्याती दिल्लीपर्यंत पोचली असेल असं वाटत नाही. पण या तिन्हींतल्या मधल्या चित्रपटाला लोक पोट धरून हसले, हेही खरं.

त्याच २०१६ साली, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, केनेथ लोनरगन यांचा ‘मँचेस्टर बाय द सी’ आला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचं हे गाव. ली चँडलर हा बॉस्टनजवळ इमारतींमधले नळ, संडास दुरुस्त करून एकटा राहणारा माणूस. त्याचा भाऊ जो हृदयविकाराने जातो आणि मृत्युपत्रात आपल्या सोळा वर्षांच्या मुलाची, पॅट्रिकची, जबाबदारी लीवर टाकून जातो. लीला विचारलेलंही नसतं. त्याची स्वतःची तिन्ही मुलं एका रात्री घराला लागलेल्या आगीत गेलेली आहेत, शेकोटीपुढची जाळी लावायची राहिली म्हणून. त्यानंतर त्याने ते गाव सोडलंय.

इथे गणपती आडवा येत नाही, हिवाळा येतो. जमीन इतकी गोठलेली की खणताच येत नाही. दफन वसंत ऋतूवर गेलेलं. तोवर बाप शीतगृहात. पॅट्रिक मात्र आपला हॉकी, बँड आणि एकमेकींचा पत्ता नसलेल्या दोन मैत्रिणी असा भरगच्च कार्यक्रम उरकत असतो. वडील गेले त्या रात्री त्याचे मित्र येतात आणि चर्चा चक्क ‘स्टार ट्रेक’वर घसरते. आपल्याला वाटतं, काय हे पोरगं! मग एका रात्री तो फ्रीज उघडतो, वरच्या कप्प्यातलं गोठलेलं चिकन धपाधप खाली पडतं, ते परत आत कोंबता येत नाही, आणि पोरगा कोसळतो. शवागारात बापाला बघून जे झालं नाही ते चिकनने केलं.

लोनरगन यांना या चित्रपटासाठी पटकथेचं ऑस्कर मिळालं, लीचं काम करणाऱ्या केसी अफ्लेकला अभिनयाचं. मला विचाराल तर त्यातलं अर्धं त्या स्ट्रेचरला द्यायला हवं होतं. आगीच्या रात्री लीच्या बायकोला रुग्णवाहिकेत घालताना स्ट्रेचरचे पाय मिटत नाहीत. दोघे कर्मचारी खटपट करताहेत, पाय अडताहेत. आयुष्यातला सगळ्यांत भयंकर क्षण, आणि एक बिजागरी ऐकत नाही. दुसरा कुणी दिग्दर्शक असता तर तिथे व्हायोलिन वाजवून पुढे गेला असता. लोनरगन ते राहू देतात. पुढे एका प्रसंगात ली गाडी कुठे लावली ते विसरतो आणि काका-पुतणे कडाक्याच्या थंडीत भांडत ती शोधत हिंडतात. दुःखाला पार्किंग माफ नसतं.

कामेरकरांच्या व्हरांड्यातला तो गाडी लावायला गेलेला माणूस आठवा आता. आपण त्याला हसलो. लीकडे तो नाही. शंभर नातेवाईक डोकं उठवतात हे खरं, पण गाडी शोधायला, फॉर्म भरायला, शीतगृहाचा दर विचारायला ते उपयोगी पडतात. आणि हे सगळं एकट्याने करणारा माणूस काही महिन्यांनीही तिथेच उभा असतो. आपल्याकडे ज्याच्या घरी मृत्यू झाला त्याची चूल पेटत नाही. शेजारून पिठलं-भात येतो. तो कुणी चवीने खात नाही, पण पातेलं कुणाचं, परत कधी द्यायचं, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी घरात येतो आणि त्या निमित्ताने घर हालतं. दहाव्याला तर कावळ्याने सगळ्यांना कामाला लावलेलं असतं. पिंडाला तो शिवेना की गेलेल्याची राहिलेली इच्छा कोणती यावर खुलं चर्चासत्र भरतं. बाप हयात असताना त्याला काय हवंय हे एवढ्या बारकाईने कुणी विचारलेलं नसतं.

गर्दीचं फार कौतुकही करू नये. सीमा पाहवांच्या ‘रामप्रसाद की तेरहवी’त लखनौच्या घरी सगळा गोतावळा जमतो. झोपायची सोय, जेवण, खर्च, जुने रुसवे, सगळ्यावर बोलणं होतं. फक्त सुप्रिया पाठक यांनी उभी केलेली गेलेल्याची बायको, जिचं दुःख आहे, तिच्याशी बोलायला कुणाला सवड नाही. कामाचा आडोसा घेता घेता माणसं तिथेच मुक्काम ठोकतात, हा त्यातला धोका. ‘व्हेंटिलेटर’मध्येही बापाशी, गजूकाकांशी, न पटलेल्या प्रसन्नला, म्हणजे जितेंद्र जोशीला, शेवटी गर्दीतून वाट काढत स्वतःच बापापर्यंत पोचावं लागतं. थर्मासवाल्याला ते काम करता येत नाही.

तेव्हा हे चित्रपट बघा, शक्य तर घरच्यांबरोबर. “हा कोण? मघाच्या त्या बाईचा दीर का?” असं सतत कुणी तरी विचारणार, ते धरून चाला; कामेरकरांच्या बाबतीत प्रश्न रास्तही आहे. आणि नेमक्या रडायच्या प्रसंगाला घरातला एखादा खमक्या माणूस “गॅस चालू राहिला वाटतं” म्हणत उठला, तर त्याला जाऊ द्या. गॅस बंदच असतो. फक्त तो येईपर्यंत चित्रपट थांबवून ठेवू नका. परत आल्यावर तोच प्रसंग पहिल्यापासून बघायला लावलात, तर या वेळी त्याला दूध आणायला जावं लागेल.