तारकरी

दातांना तार लावून आलेल्या माणसाला ‘दुखतंय का?’ असं विचारलं, की उत्तर दातांबद्दल मिळत नाही, माणसाबद्दल मिळतं. एक जण ‘छे, काही नाही’ म्हणतो आणि ताटातली भाकरी गुपचूप दुधात कुस्करायला घेतो. दुसरा परवा संध्याकाळी दवाखान्याचा जिना चढला तिथपासून सुरुवात करतो आणि दातापर्यंत यायला त्याला अर्धा तास लागतो. तिसरी कॉलेजात जाणारी असते. ती नुसती आईकडे बघते, कारण दात तिचे असले तरी दुखण्याचं प्रवक्तेपद आईकडे असतं. दर महिन्याला नेमाने दवाखान्याची वारी करणाऱ्या या जमातीला तारकरी म्हणायला हरकत नसावी. तारकऱ्यांची तार सारखी असते, दुखणंही बरंचसं सारखं असतं. सारखं नसतं ते दुखण्याचं निवेदन. आणि हे निवेदन स्वभाव लिहून देत असला, तरी त्याची लांबी बरीचशी आजूबाजूची माणसं ठरवतात, असं माझं म्हणणं आहे.

आधी दुखण्याचं बघू. दाताचं मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा एक तंतुमय पडदा असतो. तारेने दात ओढला की एका बाजूला हा पडदा दबतो, तिथला रक्तपुरवठा आक्रसतो, दाह होतो, हाड कुरतडणाऱ्या पेशी कामाला लागतात. दुसऱ्या बाजूला नवं हाड भरत जातं. या सगळ्या खटाटोपातून दात सरकतो महिन्याला सुमारे एक मिलिमीटर. तार आवळली की काही तासांनी ठणका सुरू होतो, साधारण चोवीस तासांनी कळसाला पोहोचतो आणि आठवड्याभरात ओसरतो. इतकं शिस्तीचं दुखणं एरवी सापडत नाही. मग माणसागणिक फरक का पडतो? तारेमुळे म्हणावं, तर १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन वेगवेगळ्या प्रकारच्या तारा लावून पाहिल्या आणि दुखण्यात फरक आढळला नाही. दात किती वेडेवाकडे आहेत, याच्याशीही दुखण्याचा संबंध लागला नाही. असे अभ्यास दुखणं मोजतात ते बहुधा शंभर मिलिमीटरच्या एका रेघेवर. एका टोकाला ‘मुळीच नाही’, दुसऱ्या टोकाला ‘असह्य’, रुग्णाने मध्ये कुठेतरी खूण करायची. सोसणारा तारकरी पहिल्याच सेंटिमीटरात खूण करून पेन परत देतो. कण्हणारा आणखी रेघ मिळेल का विचारतो.

हा कण्हणारा तारकरी नीट बघण्यासारखा असतो. तार बसवण्याआधीच्या आठवड्यात त्याने इंटरनेटवर एवढं वाचलेलं असतं, की खुर्चीत बसण्यापूर्वीच त्याची हिरडी दुखायला लागते. घरी आल्यावर तो मोबाइलचा टॉर्च तोंडात मारून आरशासमोर उभा राहतो आणि आयुष्यात प्रथमच दिसलेल्या आपल्या दाढांविषयी घरच्यांना बातम्या देतो. घराचा स्वयंपाक त्याच्या जबड्याभोवती फिरू लागतो: चार दिवस मऊ भात, पाचव्या दिवशी थालीपीठ झालं तर तो घरच्यांनी केलेला विश्वासघात. गालाला तार टोचू नये म्हणून दिलेलं मेण तो खिशात, बॅगेत आणि ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये अशा तीन ठिकाणी ठेवतो. दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला त्याचा नंबर पाठ असतो. सोसणाऱ्याचं चित्र याच्या अगदी उलट. त्याची पट्टी निखळली तरी तो सांगत नाही. सुटलेलं टोक जिभेने बाजूला सारत पुढच्या तारखेपर्यंत हिंडतो आणि मधल्या काळात चिक्कीसुद्धा खाऊन घेतो. गालाला आतून जखम झाली की तो कमी बोलतो, आणि लोक म्हणतात, पोरगा सुधारला.

एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ साली वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले आणि जगभरचे डॉक्टर आजही त्याच वर्गांनी बोलतात. त्या दातांच्या मालकांचे वर्ग पाडायचं अँगलच्या मनात आलं नसावं. चरकाच्या आलं होतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात रुग्णाची परीक्षा सांगताना सत्त्वाचे, म्हणजे मनोबलाचे, तीन प्रकार दिले आहेत. प्रवर सत्त्वाची माणसं अंगाने लहान असली तरी मोठी पीडा निमूट सोसतात. अवर सत्त्वाची माणसं धिप्पाड असूनही त्यांना थोडंसं दुखणं पेलवत नाही. तालमीत सहाशे जोर मारणारा गडी तार आवळताना खुर्चीचे हात का उपटू पाहतो, याचा उलगडा तिथे होतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की म्हणजे दुखणं मनाचं आहे का? नाही. दाह खरा, ठणका खरा. स्वभाव दुखणं निर्माण करत नाही, त्याला आवाज पुरवतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: व्यक्तिमत्त्वाच्या प्रश्नावल्या भरून घेऊन दुखण्याशी ताळा जुळवणाऱ्या संशोधकांच्या हाती नेहमीच ठाम काही लागलेलं नाही. चिंताळू माणसं जास्त दुखल्याचं सांगतात असं अनेकदा दिसतं, पण निव्वळ स्वभावावरून कोण किती कण्हेल याचं भविष्य वर्तवता येत नाही. आक्षेप मान्य. पण त्याचं उत्तर चरकाच्या मधल्या वर्गात आहे, आणि बहुतेक तारकरी याच वर्गातले. मध्यम सत्त्वाचा माणूस दुसऱ्याकडे बघून धीर धरतो, किंवा दुसरे त्याला धीर देतात. २००५ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात तार बसवल्यानंतर काही रुग्णांना दवाखान्यातून फोन केला गेला. काहींना दुखण्याबद्दल समजावलं, काहींचे नुसते आभार मानले. ज्यांना फोन आला त्या दोन्ही गटांचं दुखणं फोन न आलेल्यांपेक्षा कमी भरलं, आणि फोनवर काय बोललं गेलं याने काही फरक पडला नाही. म्हणजे औषध होतं ते कुणीतरी विचारपूस केल्याचं. आपल्याकडच्या आत्या-मावश्या हा उपचार फी न घेता करतात, फक्त त्यांचा डोस जास्त होतो: ‘आमच्या शेजारच्या मुलीचा तर दातच हलायला लागला हो!’

तारेबद्दलचं मतही असंच बाहेरून येतं. लग्नाचं बघायला लागल्यावर स्वतःच्या पगारातून तार लावणारी मुलगी ठणक्याकडे हप्त्यासारखी बघते. भरायचाच आहे, तक्रार कसली. बारा वर्षांचा मुलगा मात्र वडिलांच्या हौसेखातर खुर्चीत बसलेला असतो, त्यामुळे त्याचं प्रत्येक दुखणं वडिलांच्या नावावर जमा होतं. दात पुढे असल्यावरून त्याला वर्गात चिडवत असतील, तर तोच मुलगा रबरबँड न सांगता लावतो.

डॉक्टरांना अर्थातच सोसणारा आवडतो, आणि इथे मी कण्हणाऱ्याची बाजू घेईन. दीड-दोन वर्षांनी तार निघते आणि हातात रिटेनर येतो. तो लावला नाही तर दात हळूहळू जुन्या जागेकडे निघतात. सोसणाऱ्याला रिटेनरचा कधीच त्रास होत नाही, कारण तो ड्रॉवरमध्ये असतो. कण्हणारा तो रोज रात्री लावतो आणि सकाळी डॉक्टरांना मेसेज टाकतो, की आज किंचित घट्ट वाटतोय. घट्ट वाटणं हे दात सरकत असल्याचं लक्षण असू शकतं, त्यामुळे डॉक्टरांना तो मेसेज वाचावाच लागतो.