वकीलसाहेबांचं नवंकोरं जुनं घड्याळ

“अगं, काल रिसेप्शनला आली नाहीस ते! कोपऱ्यावरच्या वकीलसाहेबांच्या नातवाचं. जेवण बरं होतं, मठ्ठा तेवढा पाणीदार. पण खरी गंमत झाली स्टेजवर.”

“काय झालं काकू? थांबा, ही बादली ठेवते आधी.”

“ठेव. अगं, वकीलसाहेबांनी नातवाच्या मनगटावर आपल्या वडिलांचं घड्याळ बांधलं. फेवर ल्युबा, सी किंग. माइक घेऊन म्हणाले, ‘आमच्या अण्णांचं हे घड्याळ, पण बघा, आज दुकानातून आणलंय असं वाटतं की नाही?’ टाळ्या पडल्या. आणि नेमके तेव्हाच आमचे हे पाकीट द्यायला वर चढले. नवऱ्यामुलाचा हात धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणतात कसे, ‘अरे, स्विस मेड कुठे गेलं?’”

“अगंबाई! भर स्टेजवर?”

“भर स्टेजवर! फोटोवाला खोळंबला, मागे रांग खोळंबली आणि ह्यांचं नाक सहाच्या आकड्याला चिकटलेलं. वकीलीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी कोपराने ढोसलं तेव्हा कुठे खाली उतरले.”

“म्हणजे घड्याळ खोटं निघालं का?”

“छे गं, घड्याळ अस्सल, आतलं मशीनही अस्सल. तबकडी रंगवलेली. अण्णांच्या हातावर असताना ती कडेने पिवळट झाली होती, तीनच्या बाजूला ठिपके पडले होते. आता लग्नात तसलं कसं द्यायचं, म्हणून डायल नवी करून आणली. कुठून ते मला माहीत आहे, पण नाव नाही घेणार.”

“मग त्यात बिघडलं काय? चकाचक दिसतंय ना?”

“हेच मी ह्यांना विचारलं आणि रात्री साडेअकरापर्यंत व्याख्यान ऐकलं. आता तूही ऐक. तबकडी बहुतेक वेळा पितळेची असते. त्यावर चांदीचा पातळ मुलामा किंवा रंग, त्यावर अक्षरं आणि सगळ्याच्या वर लॅकरचा पारदर्शक हात. रंगवणारा हे सगळं उतरवून पितळ उघडं पाडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. खरी मेख असते अक्षरांत. कारखान्यात काय करतात, धातूच्या प्लेटवर अक्षरं खोदलेली असतात. त्या खोदकामात शाई भरायची, वरची पात्याने निपटायची, मग लोण्याच्या गोळ्यासारखा मऊ पॅड त्यावर टेकवून शाई उचलायची आणि तबकडीवर दाबायची. केसाएवढी बारीक रेघ उमटते. पण त्याला त्याच मॉडेलची प्लेट हवी ना? ती रंगवणाऱ्याकडे कुठून येणार! मग असेल त्यावर भागवायचं. म्हणून अक्षरं जाड होतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत आणि तळाची ‘स्विस मेड’ची चिमुकली ओळ कुणाला दिसतेय म्हणून गाळूनच टाकतात.”

“आणि काकांना तेवढीच दिसली!”

“त्यांना दुसरं काही दिसतच नाही गं. रिटायर झाल्यापासून बुधवारी आणि रविवारी जुना बाजार चुकत नाही. एक वेळ माझा वाढदिवस चुकेल. डायनिंग टेबलावर चिमटे, भिंगं, फुंकणी. परवा साखरेच्या डब्याच्या झाकणात सेकंदकाटा सापडला. आणि तुला गंमत सांगू का? जगभरच्या घड्याळवेड्यांत आपल्या मुंबईचं नाव आहे, पण कशासाठी म्हणशील? ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात ते. मशीन एकाचं, केस दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे आणि वर भगभगीत निळी नाहीतर नारिंगी तबकडी. कंपनीने तसला रंग जन्मात काढलेला नसतो. परदेशातले लोक स्वस्त म्हणून इंटरनेटवरून घेतात आणि मग कपाळाला हात लावतात. एच. एम. टी. पायलटची तर काळी तबकडी इतक्यांनी रंगवलीय, की खरी पायलट दिसली की हे आधी संशयच घेतात.”

“पण काकू, डागाळलेलं घड्याळ कोण विकत घेणार?”

“हौशी माणसं तेच मागतात! काळी तबकडी उन्हाने तपकिरी पडली, तर तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणून जास्त पैसे मोजतात. आता हॉलीवुडच्या त्या पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. ते त्याच्या स्वतःच्या हातातलं, म्हणून तेवढं. पण तसल्या तबकडीची दुसऱ्या कुणाची डेटोना असली, तरी ती साध्या तबकडीच्या डेटोनापेक्षा कितीतरी महाग जाते. मशीन तेच, केस तीच, फरक तबकडीचा. मशीनचे भाग बदलता येतात, काच बदलते, पट्टा तर बदलतोच. तबकडी एकदा घासली की गेली.”

“मग डाग मुळात पडतात कशाने?”

“पाण्याने, बाई. चावी द्यायची ती फिरकी असते ना, तिच्या आतलं सील सुकतं. प्लास्टिकची काच कडेने सैल होते. आपल्या पावसाळ्यातली दमट हवा आत शिरते आणि लॅकरखाली ठिपके उठतात. त्यात आपली माणसं नळाखाली हात धुताना घड्याळ काढतील तर शपथ. लॅकर उन्हाने पिवळा पडतो, कधी त्याला बारीक जाळीसारख्या भेगा जातात. आणि जुन्या रेडियमच्या घड्याळांची तर वेगळीच तऱ्हा. काटे वर्षानुवर्षं एका जागी थांबले, तर तबकडीवर त्यांची तपकिरी सावली जळून उमटते.”

“रेडियम म्हणजे ते अंधारात चमकायचं ते?”

“हो, आणि त्यावरून आमच्या घरात महाभारत झालं! ह्यांनी कुठलंसं जुनं स्विस घड्याळ आणलं. आकड्यांवरचा रंग भुरभुरत होता, तो टेबलावर सुईने खरवडायला बसले. मी म्हटलं, चमकत तर नाही, मग काय भीती? तर मुलाने अमेरिकेतून फोनवर दोघांनाही झापलं. चमकणारा पदार्थ वेगळा असतो, तो झिजून मरतो. रेडियम मात्र तसंच राहतं. ते निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. त्याची धूळ नाकातोंडात जाणं सगळ्यात वाईट. १९२०च्या दशकात न्यू जर्सीच्या कारखान्यात तरुण मुली तबकड्या रंगवायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून फिरवायला त्यांना शिकवलं होतं. जबड्याची हाडं कुजली गं पोरींची, कितीजणी गेल्या. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर रेडियमला बंदी. ते घड्याळ पुडीत बांधून कपाटात टाकलंय, उघडायचं नाही.”

“बापरे! काकू, मग एक विचारू? आमच्या सासऱ्यांचं एच. एम. टी. आहे, जनता. ह्यांच्या मनात आहे, येत्या श्राद्धाच्या आत तेही रंगवून घ्यावं म्हणून.”

“अजिबात नाही! देवनागरीत ‘जनता’ लिहिलेलं आहे का त्यावर?”

“आहे ना. बाराच्या खाली. आणि खाली सतरा ज्वेल्स का काय ते. पण कडेला चहाच्या डागासारखं झालंय.”

“असू दे. अगं, १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला ह्या घड्याळांचा कारखाना निघाला. नेहरूंच्या हस्ते पहिली घड्याळं बाहेर पडली. तेव्हापासून बँकेतला कारकून, शाळेतला मास्तर, एस. टी.तला कंडक्टर, ज्याच्या त्याच्या हातावर एच. एम. टी. पहिल्या पगारातून नाहीतर सासऱ्याकडून आलेलं. २०१६ मध्ये सरकारने ती घड्याळांची कंपनीच बंद करायचं ठरवलं. तो ‘जनता’ जसा छापला होता, तसा आता कोण छापून देणार? बोरूने काढल्यासारखा ‘ज’ येईल नशिबी.”

“मग करू तरी काय? तसंच ठेवू?”

“चालतंय का?”

“चावी दिली की दोन तास चालतं, मग थांबतं.”

“मग मशीनचं काम करून घे. उघडून धुऊन तेल देतात, त्याला नाही म्हणू नकोस. पण घड्याळजीला आधी बजावायचं, तबकडीला हात लावायचा नाही. तिच्या मागे दोन बारीक पाय असतात, त्यांनी ती मशीनवर बसते. घाईत उपटली की पाय मोडतात आणि मग लोक चिकटपट्टीने चिकटवून देतात. काटे काढताना खाली प्लास्टिकचा तुकडा ठेवायचा, नाहीतर ओरखडा पक्का. तबकडी साफ करायची तर आमचे हे काय करतात, आधी नुसती हवा मारतात. मग ती हिरवट, मळलेल्या कणकेसारखी पुटी असते, तिने अलगद टिपतात, घासत नाहीत. ओला कापूस तर लांबच. काही तबकड्यांची अक्षरं लॅकरच्या वर असतात. पाण्याचा हात फिरला की डागाच्या आधी अक्षरंच निघून येतात. एकदा ह्यांच्या डोळ्यांदेखत एका दुकानदाराने बोटाला थुंकी लावून पुसलं आणि अख्खं नाव गेलं.”

“म्हणजे रंगवणं वाईटच?”

“नाही, तसं नाही. मुलामा उडून पितळ हिरवं पडलं असेल, आकडे वाचताच येत नसतील, तर रंगवा की. घड्याळ वापरायचं आहे, देव्हाऱ्यात ठेवायचं नाही. पण आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, रंगवणाऱ्याला मूळच्यासारखीच अक्षरं करायला सांगा. त्याच मॉडेलची दुसरी तबकडी मिळाली तर ती बसवा आणि जुनी डबीत जपून ठेवा, म्हणजे पुढच्या पिढीला परत लावता येईल. आणि विकायचं झालं तर रंगवलंय म्हणून तोंडाने सांगा. वकीलसाहेबांनी एवढंच केलं असतं, तर आमच्या ह्यांना स्टेजवर उलटतपासणी घ्यावी लागली नसती.”

“ती जुनी तबकडी आता परत नाही मिळायची?”

“तीच तर घासली ना! वकीलसाहेबांनी आज सकाळी फोन करून हेच विचारलं. हे म्हणाले, आता काही होत नाही, पण घड्याळ रोज वापरा, चावी द्या, पोराला आवडलं ना, मग झालं. ऐक, तुझं ते ‘जनता’ उद्या दहाच्या आत घेऊन ये. बुधवार आहे, नंतर हे सापडायचे नाहीत. आणि येताना पदराने पुसू नकोस.”