अगंबाई, राजा मतही देत नाही!

अहो, ही साथ काही आवरेना! ‘द क्राउन’ मालिका बघून बघून आमच्या सोसायटीतल्या अर्ध्या घरांना ब्रिटनच्या विंडसर राजघराण्यातल्या सुनांचे रुसवेफुगवे तोंडपाठ. सख्ख्या जावेशी अबोला, पण राजपुत्र हॅरीचं नेमकं कुठं बिनसलं यावर तास-तास खल! आणि आपल्याच लोकांना का नावं ठेवा? २०२२मध्ये एलिझाबेथ राणी गेली, तेव्हा अंत्यदर्शनाला लंडनकरसुद्धा रात्र-रात्र रांगेत ताटकळले. आपल्या डबेवाल्यांचा तर घरोबाच. २००३मध्ये तेव्हाचे युवराज, आताचे राजे चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटले काय, २००५मध्ये त्यांच्यातल्या दोघांना चार्ल्सच्या लग्नाचं आवतण आलं काय!

पण या गडबडीत खरी भानगड कुणी सांगतच नाही. जरा कान इकडे करा. हा राजा राज्यच करत नाही!

नोव्हेंबर २०२३. संसदेचं उद्घाटन, डोक्यावर मुकुट, बसायला सिंहासन. पर्यावरणासाठी उभी हयात घसा कोरडा केलेल्या माणसाच्या हातात वाचायला काय दिलं? तेल-वायूच्या नव्या परवान्यांचं विधेयक! वाचलं हो निमूटपणे, ‘माझं सरकार’ म्हणत. पुढे सत्ता पालटली. जुलै २०२४मध्ये तेच गृहस्थ, तोच मुकुट, आणि घोषणा स्वच्छ ऊर्जेच्या सरकारी कंपनीची. तेही ‘माझं सरकार’च! भाषण लिहिणार मंत्री, वाचणार राजा. भुवईसुद्धा उचलायची सोय नाही.

सासुरवास तरी किती! मत द्यायला कायद्याची मनाई नाही, पण प्रथा आडवी येते. संसदेच्या कॉमन्स सभागृहात तर पाऊल टाकायचं नाही. १६४२मध्ये पहिला चार्ल्स पाच खासदारांना धरायला शिपाई घेऊन आत घुसला, त्याची ही अद्दल. (१६४९मध्ये त्याचं मुंडकंच उडवलं, तो भाग वेगळा.) अजूनही उद्घाटनाच्या दिवशी राजाचा दूत बोलावणं घेऊन गेला की त्याच्या तोंडावर दार आपटतात. आणि राजा सुखरूप घरी येईपर्यंत एक खासदार राजवाड्यात ओलीस! विधेयकाला संमती नाकारायचा हक्क म्हणाल, तर तो शेवटचा वापरला अ‍ॅन राणीनं, १७०८मध्ये.

मग उरलं काय? पंतप्रधानांशी दर आठवड्याला बंद दाराआड गप्पा. राज्यघटनेचा अभ्यासक वॉल्टर बॅजटनं १८६७मध्येच राजाचे तीन हक्क सांगून ठेवलेत. आपल्याला विचारलं जावं, आपण धीर द्यावा, आपण सावध करावं. बस्स. ऐकायचं की नाही, ही पंतप्रधानांची मर्जी.

म्हणजे पंतप्रधानांची चंगळ? छे! २०१९मध्ये ब्रेक्झिटच्या ऐन धामधुमीत तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सननी राणीला सल्ला दिला, पाच आठवडे संसद स्थगित करा. राणीनं केली. सर्वोच्च न्यायालयाच्या अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं, पण शेकलं जॉन्सनवर. मेख इथंच आहे. सल्ला ज्याचा, निस्तरणं त्याचं. म्हणून तर सरकारं आली-गेली तरी सिंहासनाला ओरखडा नाही.

आणि पंतप्रधान झालेल्या लिझ ट्रसबाई? राणीनं नेमल्यावर दीड महिन्यात राजीनामा! घालवलं ते राजानं नव्हे, त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी. खरी कारस्थानं, खरी उलथापालथ सगळी त्या कॉमन्समध्ये चालते हो. पण तिकडे बघणार कोण? तिथल्या मंडळींचे कपडे फारच साधे!